गळ्यातला पोटाचा तुकडा

टेंभुर्णीच्या सुगंधाबाईला मरायला बिलकुल वेळ नव्हता, आणि घरच्यांनी तर तिचं मरण पक्कं धरलेलं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वर्षभर तिच्या गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. भाकरी उतरायची, पाणी उतरायचं, पण ते अडकलेलं काही हलायचं नाही. आवाजही बसलेला. आता घसा म्हणजे सुगंधाबाईचंच राज्य! आसपासच्या वस्त्यांवरल्या कितीतरी पोरांच्या पडजिभा तिनं मीठ लावलेल्या अंगठ्यानं उचलल्या होत्या. स्वतःचीही उचलून पाहिली. काडीचा फरक पडला नाही.

शेवटी लेक राधाकिसन तिला औरंगाबादला घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तोंडातून दुर्बिणीची नळी घातली, पार पोटापर्यंत बघितलं आणि सांगितलं, काही नाही, सगळं साफ आहे. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. राधाकिसन बसस्टँडवर खांबाला धरून रडला. सहा वर्षांमागं त्याचा बाप त्रिंबक गळ्याच्या कॅन्सरनं गेला होता. त्या वेळच्या डॉक्टरांनी त्रिंबकला असंच सांगितलं होतं, काही नाही, बरे व्हाल. आणि राधाकिसनला दाराबाहेर नेऊन खरं काय ते सांगितलं होतं. तेव्हापासून डॉक्टर 'काही नाही' म्हणाले की माणूस संपला, अशी याची खात्री. या खेपेला तर कुणी दाराबाहेरही बोलावलं नाही. म्हणजे आता सांगण्यासारखंही काही उरलं नाही, असं यानं धरलं. घ्या, आता याला काय म्हणावं?

बरं, रडून थांबला असता तर सुगंधाबाईनं चालवून घेतलं असतं. पण ह्या बहाद्दरानं लेकीचं लग्न काढलं. घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी त्यांच्याकडची रीत. त्यापेक्षा माय आहे तोवरच नातीवर अक्षता पडलेल्या बघू दे, हा त्याचा विचार. इकडं ही नात, बेबीनंदा, बारावी पास झालेली आणि जालन्याला नर्सिंगला तिचा नंबर लागलेला. मेंढरांमागं हिंडलेल्या त्या घराण्यात इतकं शिकलेली ती पहिलीच. यादीत तिचं नाव आलं त्या दिवशी सुगंधाबाई गल्लीत घरोघर सांगत फिरली होती. आणि आता धावड्याच्या कचरूभाऊंच्या मुलाशी तिची सुपारी फोडायचं ठरत होतं. म्हणजे आजी मेली तरी पोरीचं शिक्षण बुडणार, आणि जगली तरी बुडणार.

मला काही झालं नाही, हे सांगून सांगून सुगंधाबाईचं तोंड दुखलं. राधाकिसन ऐकून घ्यायचा, डोळे पुसायचा आणि तिच्या ताटात तूप जास्तीचं वाढायचा. त्या तुपानं तर तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. नुसतं 'काही नाही' म्हणून भागणार नव्हतं. जे अडकलंय त्याला नाव पाहिजे होतं.

मंग ती नातीला घेऊन स्वतःच औरंगाबादला त्याच डॉक्टरांकडं निघाली. राधाकिसन हातातलं काम टाकून मागोमाग आला. डॉक्टर म्हणाले, आजी, पुन्हा कशाला, असा भास होतो कधी कधी. भास! आणि तोही घशाच्या बाबतीत, सुगंधाबाईला! तिनं गळ्याच्या खळगीच्या जरा वर बोट ठेवलं.

"हितं हाय. मागच्या टायमाला तुमची नळी हितून जल्दी निघून गेल्ती, मला बराबर कळलं. आता काढताना हितं थांबा."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ती जागाच अशी की नळी तिथून सटकन निसटते आणि भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. त्यांनी पुन्हा नळी घातली. सुगंधाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही. नळी हळूहळू वर येत येत एका जागी थांबली. बेबीनंदानं पडद्यावर पाहिलं, फिक्या गुलाबी अन्ननलिकेत रुपयाएवढं लालसर, मखमली ठिगळ. डॉक्टरांनी त्याचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला.

आठ दिवसांनी तिघं रिपोर्टला गेले. डॉक्टरांनी सवयीनं राधाकिसनला खुणावलं, तुम्ही जरा बाहेर या. राधाकिसनचा चेहरा पांढराफटक पडला. सुगंधाबाई उठून दारात उभी राहिली.

"गळा माझा हाय. माझ्यासमोर सांगा."

डॉक्टर मुकाट्यानं बसले आणि कागदावर चित्र काढून सांगू लागले. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला पोटाच्या अस्तराचा एक तुकडा आहे. बाळ आईच्या पोटात घडत असतानाच तो चुकून वर राहून जातो. शंभरात दोघाचौघांना असतो आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. काहींना मात्र तो गळ्यात बसून पोटासारखंच आंबट पाणी सोडतो, म्हणून अडकल्यासारखं होतं, आवाज बसतो. त्यात कॅन्सर होणं फार क्वचित, आणि आजींच्या तुकड्यात त्याचं नावनिशाण नाही. आंबट पाणी कमी करायच्या गोळ्या घ्यायच्या, बस्स.

"साहेब, खोटं तर न्हाई ना?" राधाकिसननं विचारलं.

"खोटंच सांगायचं असतं तर काहीतरी साधं सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात पोट आहे, असं कोण बनवून सांगेल?"

हे मात्र राधाकिसनला पटलं. इतकी वेडीवाकडी गोष्ट खोटी असूच शकत नव्हती. वर डॉक्टर म्हणाले, आजींनी बोट ठेवलं नसतं तर मला सापडलं नसतं. सुगंधाबाई गावात शिरली ती अशी ताठ, की जणू दुर्बीण तिनंच धरली होती.

गोळ्यांनी पंधरा दिवसांत आवाज मोकळा झाला. तेवढ्यात कचरूभाऊ चार माणसं घेऊन आले. आजी बऱ्या झाल्या, फार आनंद झाला, म्हणाले, पण ठरलंच आहे तर उरकून टाकू. आत चहा करणाऱ्या सुगंधाबाईनं काय काय सुनवायचं ते सकाळपासून घोकून ठेवलेलं. पदर खोचून ती बाहेर निघाली, तोच राधाकिसन बोलला.

"भाऊ, मी भ्यालो म्हणून लग्न काढल्तं. पोरगी जालन्याला शिकायला जाती. चुकी माझी हाय, तिची न्हाई."

चार माणसांत आपली चूक कबूल करणारा बाप्या त्या घरानं आजवर पाहिला नव्हता. सुगंधाबाई उंबऱ्यातच थबकली. घोकलेलं सगळं विसरली. नातीचा अभिमान तर तिला होताच, पण आज लेकाकडं बघून तिचा ऊर भरून आला. ती आत गेली, चहाचे कप घेऊन आली आणि पाहुणे बघत असताना पहिला कप तिनं राधाकिसनच्या हातात दिला.