उद्या उतरवायची फानी

ओक्तावने लोखंडी गोळा फेकला. तो ज्या लाकडी गोटीजवळ पाडायचा, तिला ओलांडून थेट चिनाराच्या मुळाशी जाऊन थांबला.

"अहो म्हातारबुवा, झोपलात की काय?" कॅफेवाला गास्पार ओरडला. "माझे बारा झाले. तुमचा अजून भोपळाच!"

"तू फेक. बडबड नको."

तेरा-शून्य असा हरला, की गड्याने कॅफेत जाऊन गुडघे टेकायचे आणि भिंतीवरच्या चित्रातल्या फानी नावाच्या बाईच्या उघड्या ढुंगणाचा मुका घ्यायचा, हा तिथला गावोगावचा रिवाज. ओक्ताववर उभ्या जन्मात ही पाळी आली नव्हती.

या गावची फानी त्याच्याच पोराने, सिल्वाँने रंगवलेली. "हे असले धंदे करायला वाढवलं तुला?" असं त्याने पोराला भर कॅफेत फटकारलं होतं आणि तेव्हापासून तो त्या भिंतीला पाठ करून बसायचा. पुढे सिल्वाँला अल्जीरियात लढायला धाडलं. परत आली ती बंद पेटी. पोराच्या हातचं एवढं एकच चित्र उरलं, पण आता कुठल्या तोंडाने वळून बघायचं? रोज पाठ करून बसून म्हातारा पार थकून गेला होता.

"उद्या सकाळी काढतोच ती," गास्पार आज सकाळीच म्हणाला होता. "शहरातून नवी छापील आणलीय. तुम्हाला तरी रोजचा त्रास कशाला?"

ओक्तावला 'नको' म्हणता आलं नव्हतं.

गास्पारचा गोळा गोटीला चिकटून बसला. तेरा! कुणीतरी घंटा बडवली, सगळे हसत-खिदळत आत घुसले. ओक्ताव टेबलाला धरून गुडघ्यांवर बसला आणि त्याने मान वर केली.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा अंगठा उमटला होता. पोराला धीर कसला तो नव्हताच. ओलंच उचललं असणार. ओक्तावने त्या अंगठ्यावर ओठ टेकले आणि तो तसाच राहिला.

"अहो, तिथे नाही, वर, वर!" एक जण हसला.

गास्पारने वाकून तो निळा अंगठा पाहिला. मग त्याने गल्ल्याजवळची नवी फानी उचलून फळीमागे सारली आणि म्हाताऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं.

"उद्या परत खेळू," तो हळूच म्हणाला. "पण जरा नीट हरा, बुवा. आज फारच कळत होतं."