मडक्याची कावीळ

रविवारी सकाळी सहा वाजता पंजाबरावांच्या अंगणात त्रेसष्ट माणसं बसली होती. मी मोजली. दुसरबीडजवळच्या या मळ्यात दर रविवारी काविळीची माळ मिळते. पंजाबराव पैसे घेत नाहीत, फक्त नारळ घेतात. म्हणून तर लोक त्यांना देवमाणूस म्हणतात.

पुढ्यात पितळी परात. रोग्याच्या हातांना ते कसलासा काढा चोळत आणि मग हात परातीतल्या चुन्याच्या निवळीत धुवायला लावत. पाणी हळदीसारखं पिवळं होई.

"पहा, पहा! रगतातली कावीळ पाण्यात उतरून राह्यली!"

अंगणभर हात जोडले जात. मग हिरव्या काड्यांची माळ डोक्यावर बसे, टोपीएवढीच. "कावीळ उतरन तशी माळ वाढन. सातव्या दिवशी बेंबीपाशी आली का रोग खलास. तेल नाही, हळद नाही, अन् सुई तर बिलकुल नाही. सुई टोचली का माळ बाटते!"

रांगेत मी, माझे नववीतले दोन विद्यार्थी प्रेम आणि डिंपल, प्रेमची आई चांगुणा आणि आजी गोजरबाई असे पाच जण होतो. मी शाळेत कंत्राटावर विज्ञान शिकवते. जिल्ह्याच्या विज्ञान स्पर्धेसाठी प्रकल्प हवा होता आणि विषय प्रेमनेच आणला होता. "मॅडम, आईचे डोये पिवळे झाले. आजी माळ घालणार हाये. ती खरंच वाढते का, मोजू का?"

मला फार आनंद झाला. दर वर्षी तेच ठिबक सिंचन आणि तोच ज्वालामुखी पाहून मी कंटाळले होते.

चांगुणाबाईंना सातवा महिना होता.

"डॉक्टरांना दाखवलं का?" मी गोजरबाईंना विचारलं.

"दाखवू ना बाई. आधी माळ तं होऊ द्या."

मी वहीत पहिली तारीख टाकली.

चांगुणाबाईंना माळ मिळाली. डिंपल ठणठणीत होती, पण तिच्याही हातांचं पाणी पिवळं झालं. "पोरी, तुही कावीळ लय वाढली," पंजाबराव म्हणाले आणि तिलाही माळ घातली. मग डिंपलने अंथरुणाला खिळलेल्या मावशीसाठी तिसरी माळ मागितली. "नाव?" "सरस्वतीबाई, बीबी गावची." पंजाबरावांनी डोळे मिटले. "तिची हाडात गेली पोरी. पण उतरन."

सरस्वतीबाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं कोरं मडकं. ते पालथं घालून आम्ही त्याला माळ घातली.

रोज सकाळी मापं घ्यायची. आईचं प्रेम घेणार, स्वतःचं आणि मडक्याचं डिंपल घेणार. आकडे फक्त मला द्यायचे, एकमेकांना सातव्या दिवसापर्यंत सांगायचे नाहीत. अपेक्षा डोक्यात शिरली की हातातली पट्टी वाकडी होते, असं मी त्यांना समजावलं. नियम शास्त्राला धरून होता.

चौथ्या दिवशी तक्ता असा होता: चांगुणाबाई एकाहत्तर सेंटिमीटर, डिंपल सत्तर, सरस्वतीबाई चौऱ्याहत्तर. तिन्ही माळा अठ्ठेचाळीसपासून निघाल्या होत्या.

त्याच दिवशी प्रेम म्हणाला, "मॅडम, आई जेवत नाही. पण आजी म्हणते गुण येऊन राह्यला, माळ मस्त उतरली."

"दवाखान्यात न्या ना तिला."

"सुई लागली का माळ बाटते म्हणते आजी."

वही माझ्या हातात होती. ती उघडून त्याच्यापुढे धरायला हवी होती. मी म्हणाले, "आजीला समजावून सांग." तक्त्यातले तीनच रकाने भरायचे राहिले होते.

पाचव्या दिवशी सकाळी प्रेम शाळेत आला तो रडवेला. आई रात्रभर बरळत होती, तरी माळ उतरतेय म्हणून आजी हलू देत नव्हती. डिंपलला राहवलं नाही. "अबे, माळीचं काय सांगून राह्यला? सरस्वतीबाईची तुह्या आईपेक्षा लांब हाये! मही बी वाढली!"

प्रेमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पळत सुटला. घरी जाऊन त्याने कात्रीने माळ कापली. गोजरबाई आडव्या आल्या, शिव्या दिल्या. त्याने शेजारच्या शेखरकाकांच्या गाडीत आईला घातलं आणि जालना गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूषित पाण्यातून आलेली ही कावीळ पोटुशी बाईसाठी जीवघेणी असते. चार दिवस आधी यायला हवं होतं.

चांगुणाबाई वाचल्या. पोटातलं बाळ गेलं.

गावात एकच वाक्य फिरलं: "माळ मधातच तोडली, म्हणून झालं."

पुढच्या रविवारी आम्ही मडकं घेऊन त्या अंगणात गेलो. प्रेमने सगळ्यांपुढे एक गाठ सोडून दाखवली. हिरव्या काडीचे तुकडे दोऱ्याच्या फासात आवळलेले असतात. काडी सुकून बारीक होते, फास सैल पडतो आणि आत अडकलेला दोरा बाहेर सुटतो. माळ त्या दोऱ्याने वाढते. मग मी आंब्याच्या सालीचा काढा हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळं. बहुतेक काविळी काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात आणि श्रेय माळ घेऊन जाते, हेही मी सांगितलं.

पंजाबराव परात पुसायला लागले. रांगेतल्या जनकाबाई नावाच्या बाईंनीच त्यांना तारलं. "पहा माय! मडक्यालेही गुण आला, मंग माणसाले काऊन नाही येणार?"

लोक हसले. रांग पुढे सरकली. सात जण उठून गेले. मी मोजले.

स्पर्धेत परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "कल्पना चांगली आहे. पण पहिल्या ओळीत तीन रकाने रिकामे का? निरीक्षणं अपुरी आहेत."

"आई दवाखान्यात होती सर," प्रेम म्हणाला.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परतताना एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. तसाच बाहेर पाहत म्हणाला, "मॅडम, तुमाले चौथ्या दिवशीच समजलं होतं ना?"

"हो."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

प्रयोग कसा करावा यावर मी त्याला अर्धा तास बोलू शकले असते. चौथ्या दिवशी धरायला हवी होती ती वही मी आता उघडून त्याच्यापुढे धरली. उशीर झाला होता.

म्हणून हे लिहिते आहे. मडक्याला कावीळ होत नाही, तरी त्याची माळ वाढते. पटत नसेल तर घरी करून पाहा. एक कोरं मडकं, तशीच एक माळ आणि शिवणकामाची टेप पुरे. पण घरात कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोजमाप नंतर करा. मी क्रम चुकवला होता.