केरू ऑनलाइन आहे

मिलिंदचा डावा पाय सुजला तेव्हा आधी त्याला वाटलं, काहीतरी चावलं असेल. मग वाटलं, उपकेंद्राच्या जिन्यावर मुरगळला असेल. पोटरीवर बोट टेकवलं की कळ वर चढायची. तरी संध्याकाळी ड्यूटीवरून माधवनगरच्या घरी आला की तो चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत जायचा, कॉम्प्युटर लावायचा, हेडफोन कानावर चढवायचा आणि जेवणाची हाक येईपर्यंत खुर्चीतून हलायचा नाही. दिवसभर वीज उपकेंद्रात पॅनेलसमोर बसायचं, घरी येऊन पडद्यासमोर बसायचं. चाळिशी जवळ आलेल्या माणसाचं आयुष्य दोन खुर्च्यांत मावलं होतं.

त्याची बायको माया शाळेत शिक्षिका. तिला हा खेळ पाहून पाहून पाठ झाला होता. चौघांनी टोळी करून एका बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या, बाकीच्यांना मारत शेवटपर्यंत जगायचं.

"माझ्या वर्गातली पोरं हेच खेळतात," ती म्हणायची, "फक्त त्यांना आई ओरडते."

मिलिंदची आई, आक्काताई, ओरडत नव्हती. तिला वाटायचं, पोरगा ऑफिसचंच काहीतरी बोलत असतो. कधी दारातून डोकावून म्हणायची, "सायबाला म्हणावं जरा दम धर की. लय येळ झाला."

दोघींनाही एक गोष्ट माहीत नव्हती. त्या चौघांतला एक जण मिलिंदचा सख्खा थोरला भाऊ होता.

सिद्धू महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. वडील गेले ते भर पावसाळ्यात, आष्ट्याच्या घरी. सगळं उरकलं त्याच दिवशी. सिद्धू आला तिसऱ्या दिवशी, म्हणाला दरड कोसळली होती, घाट बंद होता. मिलिंद दारातच उभा होता. पाहुण्यांसमोर तो बोलून गेला, "आता काय बघायला आलास?" वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सिद्धू मागच्या रांगेत बसला, खीर न खाता उठला आणि गेला. त्यानंतर फोन नाही, येणं-जाणं नाही. आक्काताई माधवनगरला राहायला आली तेव्हापासून ती आपली आपण मोठ्या मुलाला फोन करायची, अंगणात जाऊन, हळू आवाजात, मिलिंदचं नाव न काढता.

मिलिंद खेळात नाव-गाव खरंच लावायचा. पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी खेळताना मिलिंदला कुणीतरी टोळीत घ्यायची विनंती पाठवली. खेळाडूचं नाव होतं 'केरू आष्टा'. केरू हे त्यांच्या वडिलांचं नाव. मिलिंद पडद्याकडं बघतच राहिला. मग त्यानं बटण दाबलं आणि कानात आवाज आला, "डावीकडच्या घरात हाईत दोघं. दमानं घे."

आवाज सिद्धूचाच. मिलिंद म्हणाला, "व्हय, दिसले."

एवढंच. त्या दिवसापासून ते रोज खेळत होते. मागं कोण आहे बघ, जखमेवर पट्टी टाक, पळ, थांब, माझ्याजवळ ये. आई कशी आहे, घरी काय चाललंय, यातलं काही नाही. वडिलांचं तर नाहीच. एकदाच मिलिंद 'पाय दुखतोय' एवढं म्हणाला होता. मिलिंदनं घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर आक्काताई रडली असती, मायानं फोन लावून दिला असता, चार माणसं मध्ये पडली असती आणि मग दोघांना बोलावं लागलं असतं. बोलायचं काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.

पाय गुडघ्यापर्यंत फुगला तेव्हा मायानं त्याला ओढतच सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर अंकिता तरुण होत्या, पण बोलायला कडक. सोनोग्राफी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती.

"ही सुटून फुप्फुसात गेली असती तर आपण इथं बोलत नसतो," त्या म्हणाल्या. "सलग किती वेळ बसता?"

"ड्यूटीच तशी आहे, मॅडम."

"आणि ड्यूटीनंतर?" मायानं विचारलं. डॉक्टरांनी नाही, मायानं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, घट्ट लांब मोजे, रोज चालणं, आणि खुर्चीत तासन्‌तास बसणं बंद, असं ठरलं. घरी आल्यावर माया देवळीतल्या बुद्धमूर्तीसमोर उभी राहून रडली. ते बघून मिलिंदनं स्वतःच कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या आणि माळ्यावर टाकल्या.

सिद्धूला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे, नंबर मोबाइलमध्ये होता. त्यानं दोनदा काढलाही. 'पायामुळं खेळ बंद केला' असं लिहिलं आणि पुसलं. इतक्या काळानंतर भावाला पहिला निरोप पाठवायचा, तो असा?

पायाची सूज उतरली. मिलिंद सकाळी मैदानावर फेऱ्या मारायला लागला, संध्याकाळी आईला बाजारात घेऊन जायला लागला. सगळं कसं शहाण्यासारखं. तरी त्याचं कशात मन लागेना. एकदा गॅसवर दूध ठेवून तो विसरला. एकदा शेजाऱ्यानं गाडी दारात लावली म्हणून इतका भांडला की आक्काताई मध्ये पडली. खेळाची सवय असेल म्हणून त्यानं मोबाइलवर दुसऱ्यांचे खेळ बघून पाहिले. दोन मिनिटांत कंटाळा आला. म्हणजे खेळ नको होता. मग काय हवं होतं? भाऊ हवा होता म्हणावं, तर भाऊ एका फोनच्या अंतरावर होता आणि फोन करायला हात उचलत नव्हता.

"सुटलं ना ते?" माया एकदा म्हणाली. "मग तोंड असं का? मी काही चुकीचं केलं का?"

"नाही गं."

"मग?"

"मलाच कळंना झालंय," तो म्हणाला. ते खरंच होतं.

आणि मग रेश्माचा फोन आला. रेश्मा म्हणजे सिद्धूची बायको. इतक्या दिवसांनी तिचं नाव मोबाइलवर बघून माया घाबरूनच बोलली.

"भाऊजी बरं हाईत न्हवं?" रेश्मानं पहिलंच विचारलं. "आवं, आमच्या ह्यांनी जेवण सोडलंय. म्हणत्यात, मिल्या पाय दुखतोय म्हणाला आन्‌ गायबच झाला. कुठं पडलाय का काय, इचार. आईंना इचारायचं धाडस व्हईना म्हून तुमाला केला."

मायानं फोन ठेवला आणि मागच्या खोलीत आली. मिलिंद कपड्यांच्या घड्या घालत होता.

"तुम्ही तुमच्या भावाशी बोलत होता?"

त्याचे हात थांबले. "बोलत नव्हतो. खेळत होतो."

"रोज?"

"रोज."

माया खाटेवर बसली. तिला हसू येत होतं की राग, ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. "आई अंगणात जाऊन चोरून फोन करतात," ती शेवटी म्हणाली, "आणि तुम्ही इथं भिंतीपलीकडं त्याच माणसाला 'पट्टी टाक' म्हणून ओरडता. काय माणसं आहात तुम्ही?"

त्याच रविवारी तिघं महाबळेश्वरला निघाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून गाडी वाटेत थांबवत, मिलिंदला पायी फिरवत. कऱ्हाडला तो उतरून फिरला, साताऱ्याला फिरला. आक्काताई गाडीतून त्याच्याकडं बघत म्हणाली, "आसं का येरझाऱ्या घालतुयास? भ्यायला झालंय व्हय?"

भीती वाटत होतीच. तो मनात वाक्य तयार करत होता. 'दादा, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं. घाट बंद होता तर तू तरी काय करणार.' साताऱ्यापासून घाट चढेपर्यंत त्यानं ते इतक्या वेळा घोळवलं की शब्दांचा अर्थच लागेना झाला.

सिद्धू दारात उभा होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. आईच्या पाया पडला. मिलिंदच्या पायाकडं बघून म्हणाला, "उतरलीय की सूज."

"व्हय."

चहा आला, वाटीत स्ट्रॉबेरी आल्या. बायका भरभरून बोलत होत्या. दोघे भाऊ समोरासमोर बसून वाटीतलं एकेक फळ इतकं लक्ष देऊन खात होते, जणू परीक्षा आहे. शेवटी रेश्माच म्हणाली, "जावा की जरा पाय मोकळं करून या. भाऊजींना चालायला सांगितलंय न्हवं?"

दोघे घरामागच्या उताराच्या वाटेनं निघाले. लाल माती, दोन्हीकडं झाडी.

"उजवीकडं निसरडं हाय," सिद्धू म्हणाला.

"दिसलं."

"माझ्या मागनं ये."

तेवढ्यानं मिलिंदला श्वास घेता आला. कानात रोज ऐकलेला तोच आवाज होता. त्यानं मनातलं वाक्य गोळा केलं. "दादा, त्या दिवशी मी दारात..."

"घाट बंद न्हवता," सिद्धू म्हणाला.

मिलिंद थांबला.

"बाबा गेला त्या दिशी दुपारपातुर चालू हुता. बंद झाला तो नंतर." सिद्धू पुढंच बघत होता. "फोन आला तवा मी गाडीत बसलो. किल्ली लावली. आन्‌ बसूनच राहिलो. बाबाला तसं निजल्यालं बघायचं न्हवतं मला. मग दरड पडल्याचं कळलं. खरं सांगतो गड्या, बरं वाटलं मला. आता जाता येत न्हाई, म्हटलं."

मिलिंदला काय वाटायला हवं ते कळेना. माफी मागायला आलेल्या माणसानं आता काय मागायचं? इतके दिवस तो स्वतःला दोष देत होता, की आपण उगाच बोललो. ते उगाच नव्हतं. म्हणजे आपण बरोबर होतो? बरोबर असल्याचं त्याला काडीचंही समाधान वाटलं नाही. राग येतोय का, म्हणून त्यानं आत चाचपून पाहिलं. राग होता, पण त्याच्या शेजारीच किल्ली हातात धरून गाडीत बसलेला दादा दिसत होता.

"मग त्यांचं नाव का घेतलंस खेळात?" त्यानं विचारलं.

"म्हाईत न्हाई," सिद्धू म्हणाला. "नाव इचारलं त्या खेळानं. हेच आलं बोटावर."

दोघे परत आले. आक्काताईनं विचारलं, "बोलला का रं दोघं?"

"व्हय," दोघंही म्हणाले.

काय बोलले, ते मिलिंदनं मायाला गाडीत सांगितलं नाही. नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आता मलाही कळंना, मोठ्या भाऊजींवर रागवू का नको."

पुढं त्यांनी फोनवर बोलून बघितलं. संध्याकाळी दोघांनी आपापल्या गावात चालायला जायचं आणि चालता चालता बोलायचं, ही मायाची युक्ती. चांगली होती, पण चालली नाही. "जेवलास?" "व्हय." "पाय?" "बरा." मग दोघांच्या धापा तेवढ्या एकमेकांना ऐकू यायच्या. सिद्धू शेवटी म्हणाला, "मिल्या, ह्यापेक्षा खेळल्यालं बरं."

मिलिंद डॉक्टरांकडं गेला. खेळू का, असं चाळिशीचा माणूस विचारतो, याची त्याला लाज वाटली. डॉक्टर म्हणाल्या, "मला खेळाशी वैर नाही. खुर्चीशी आहे."

मग कॉम्प्युटर माळ्यावरून खाली आला तो मागच्या खोलीत गेला नाही. बाहेरच्या खोलीत उंच कपाटावर त्याची जागा झाली. उभ्यानं खेळायचं, आधी मैदानावर चालून यायचं, आणि मायानं हाक मारली की डाव अर्धा असला तरी बंद करायचा. पहिल्या आठवड्यात मिलिंदनं दोनदा हाक ऐकली नाही असं दाखवलं. माया येऊन नुसती शेजारी उभी राहिली. सिद्धूही तिकडं गाडीच्या बॉनेटवर मोबाइल टेकवून उभ्यानं खेळायला लागला, निदान तसं सांगत तरी होता. काही दिवशी पाय अजून जड व्हायचा, तेव्हा मिलिंद खेळायचा नाही. मात्र 'आज नाही' एवढं लिहून कळवायचा.

आक्काताईला आता खेळाचं कळलं होतं. एका संध्याकाळी ती मिलिंदच्या मागं येऊन उभी राहिली.

"सिद्धू हाय व्हय त्यात?"

"हाय."

"दे की मला."

त्यानं हेडफोन काढून तिच्या डोक्यावर बसवला. ती दचकली. "कोण गोळ्या घालतंय रं?" मग एकदम आवाज ओळखून म्हणाली, "सिद्धू? व्हय, मी. जेवलास का?"

पडद्यावर केरू नावाचा माणूस भर मैदानात उभा राहिला. पळेना, लपेना, बंदूकही उचलेना. कुठूनतरी त्याच्यावर गोळ्या सुटायला लागल्या. मिलिंदला ऐकू काहीच येत नव्हतं. कोणत्या दिशेनं, किती जण, काही कळत नव्हतं. केरूला ओढून भिंतीआड न्यावं तर तसं खेळात करता येत नव्हतं. त्यानं आपला माणूस पळवत नेला आणि केरूच्या पुढ्यात उभा केला.

"काय म्हणतोय?" त्यानं आईला विचारलं.

तिनं हातानंच गप्प राहायची खूण केली. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, पाठमोरी असल्यानं समजेना. आतून मायानं हाक मारली, वेळ झाली म्हणून. मिलिंद बटणावर बोट ठेवून उभा राहिला. बंद करावं की थांबावं, त्याला ठरवता येईना.