तीन तज्ज्ञ आणि एक टकटक

नवऱ्याची साठ वर्षं जुनी गाडी धावताना टकटक करू लागली, तेव्हापासून त्याचे तीन गाडीवेडे मित्र दर रविवारी अंगणात ठाण मांडून बसू लागले. एक गिअरबॉक्सवर बोट ठेवी, दुसरा मागच्या अ‍ॅक्सलवर. तिसरा नुसता डोळे मिटून ऐके, म्हणून त्याचा मान मोठा. चहा करून करून बायको मात्र मेटाकुटीला आली.

शेवटी एका शनिवारी तिने स्वतःच मागचं चाक चाचपलं. टायरच्या खाचेत खडा रुतला होता. तिने तो उचकटून काढला, गल्लीत एक चक्कर मारली आणि टकटक बंद झाल्याची खात्री करून घेतली.

रविवारी चहाच्या ट्रेमध्ये तिने तो खडाच ठेवला. "टायरमध्ये होता. आता आवाज येत नाही."

तिघे गाडी फिरवून आले. डोळे मिटणाऱ्याने सावकाश डोळे उघडले.

"वहिनी, आवाज थांबला म्हणजे दुखणं आत गेलं. आता गिअरबॉक्स खोलावाच लागेल."

नवरा लगबगीने पाने-पकडी आणायला आत गेला, मित्र बाह्या सरसावत त्याच्या मागे. तिने ट्रेमधला खडा उचलला आणि हातोडीने परत टायरमध्ये ठोकला.