पत्रकाची मागची बाजू

धाकट्या मुलाचं, योगराजचं लग्न झालं त्या वर्षीचा, म्हणजे २०२४ चा जून. धुरपदाबाईंनी मांडीवरची साडी झटकून बाजूला टाकली आणि थोरल्या मुलाच्या, हेमराजच्या हातातलं रंगीत पत्रक ओढून घेतलं.

“माय, तुले काय समजस त्यामा?” हेमराज म्हणाला. “नाशिकचं कॉलेज ठरलं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचाय.”

“कोणी ठरवलं?”

“आम्ही सगळ्यांनी. तुझं डायलिसिस चालू. पोरगी शनिवार-रविवार येईल, तुला दवाखान्यात नेईल. उद्या काही झालं, तर तामिळनाडूहून यायला दीड दिवस लागतो.”

दाराशी जयश्री बसली होती. हेमराजच्या या मुलीला दोन्हीकडे इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती. शाखा कोणती घ्यावी, हे मात्र तिलाच अजून उमगलं नव्हतं. कोणी विचारलं की ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची.

धुरपदाबाईंनी पत्रकावरच्या हसऱ्या मुलामुलींकडे पाहिलंही नाही. तीस वर्षं त्यांनी सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या या खोलीत भरतकामाच्या साड्यांचे धागे कापले होते. साडी हातात आली की आधी उलटी करायची. लोंबते धागे मागेच असतात. त्यांनी पत्रक उलटं केलं. अक्षरं त्या बावन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या, पहिलीतल्या जयश्रीच्या पाटीवर. बोट बारीक ओळीवरून सरकत राहिलं. हेमराजने दोनदा घड्याळ पाहिलं.

“घेतलेली शाखा… नंतर… बदलता येणार नाही,” त्यांनी वाचलं. तामिळनाडूच्या कॉलेजचं दुसरं पत्रक नातीपुढे टाकलं. “हे इंग्रजी तू वाच. मागचं.”

“पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच, आजी. शाखा नंतर निवडायची.”

“मग? हिला अजून ठरवता येत नाही, आणि तुम्ही आजच हिचं दार लावून घेता? तेही माझं नाव पुढे करून?”

“माय, तुझ्यासाठीच तर…”

“मला विचारलं कोणी? मी काय खुटा शे का, वासरू बांधाले?” पलीकडच्या उषाबाईंचं शिलाई मशीन थांबलं. “तुला सुट्टी काढावी लागते, म्हणून पोरगी जवळ हवी. सरळ सांग ना!”

हेमराज इच्छापोरला कंत्राटी कामावर होता. तिथे दोन खाडे झाले की तिसऱ्या दिवशी माणूस बदलत.

“आजी, मला भीती वाटते,” जयश्री म्हणाली. “मी तिकडे असताना तू…”

“मरणार मी. तू कशाला आत्तापासून हातपाय गाळतेस? दाब ते बटण.”

जयश्रीने मोबाइल उचलला, डोळे पुसले आणि तामिळनाडूला होकार कळवला.

नाशिकचं पत्रक धुरपदाबाईंनी ठेवून घेतलं. कागद जाड आहे, एवढंच म्हणाल्या.

हेमराजला ते डिसेंबरात डायलिसिसच्या फायलीत सापडलं. मागच्या कोऱ्या जागेत पाटीवरच्यासारखी मोठी अक्षरं होती: ‘जयूचा पेपर असेल तर झाल्यावर सांगा.’

त्या दिवशी जयश्रीचा पेपर एक वाजता सुटणार होता. तोवर तो फोन हातात धरून दारात बसून राहिला. कोणालाही लावू दिला नाही.

धुरपदाबाई त्याच दिवशी, सोमवारी २ डिसेंबर २०२४ रोजी, सकाळी सहा वाजता वारल्या.