शांत खोलीतली निळी गादी

मित्रांनो, मी व्यायामाची एक जुनी निळी गादी. पूर्वी एका शाळेत पोरं माझ्यावर कोलांट्या मारायची आणि आडवी पडली की खदखदून हसायची. पुढे शाळेने मला मोडीत काढलं आणि मुलांच्या एका निवासगृहाने उचलून आणलं. तिथे मला जागा मिळाली ती 'शांत खोली'त. नाव ऐकून मी खूशच झाले. पण लवकरच माझा भ्रम फिटला.

त्या खोलीत मुलांना धरतात. पोर हाताबाहेर गेलं, की त्याला माझ्यावर पालथं पाडायचं, हात पाठीमागे धरून पाय दाबून ठेवायचे आणि हलणं थांबलं की सोडायचं, असा तिथला नियम. हलत नाही म्हणजे शांत झालं, असं सगळेच धरून चालतात.

तिथे एक लहानगी होती. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. एका भेटीच्या दिवशी तिची आई आलीच नाही. भिंगरी खिडकीचे गज सोडेना. जेवायला न्यायला आलेल्या ताईंना तिने ढकललं, तशी तिथल्या दादांनी तिला उचलून माझ्यावर आणलं.

"सोडा ना! श्वास घेता येत नाहीये मला!"

"बोलतेयस ना? म्हणजे येतोय श्वास," दादा म्हणाले.

दादा काही दुष्ट नव्हते हो. पण तिचं तोंड माझ्यात रुतलं होतं आणि मला तसूभरही सरकता येईना. मला माझीच किळस आली. हळूहळू ती हलायची थांबली.

"झाली बघा शांत," ताई म्हणाल्या.

शांत कसली! तिचं काळीज धाडधाड उडत होतं, आणि ते फक्त मलाच कळत होतं.

त्यानंतर असं बऱ्याचदा झालं. काल पुन्हा भेटीचा दिवस होता. आई पुन्हा आली नाही. "चल गं, जेवून घे," म्हणत ताई खिडकीपाशी गेल्या मात्र, भिंगरीने गज सोडले. मुकाट चालत ती खोलीत आली, माझ्यावर पालथी पडली आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

ताई दारातून कौतुकाने म्हणाल्या, "किती शहाणी झाली पोर!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. तुम्हाला ते आहे. असं पडलेलं पोर दिसलं तर त्याला शहाणं म्हणू नका. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, हात लावू नका, आणि काय झालं एवढंच विचारा. भिंगरीला ते अजून कुणीही विचारलेलं नाही.