व्यासपीठाची दुसरी पायरी

माझा मुलगा आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. तो शास्त्र ओळीनं शिकवतो, एकही वचन गाळत नाही. त्यामुळे समेटाचं वचन कोणत्या रविवारी येणार, हे मी आधीच मोजून ठेवलं होतं. त्या दिवशी लेकीला हाताला धरून आणलं. तीन वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा भावानं याच व्यासपीठावरून तिचं नाव घेऊन तिला बोल लावला होता. त्यानंतर ती आली नव्हती.

"बाबा, तो खाली उतरायचा नाही," शेवटच्या बाकावर बसत ती म्हणाली.

"अगं, वचनच तसं आहे. पळून जाईल कुठं?"

त्यानं छान समजावलं. अर्पण वेदीपाशी ठेवा आणि आधी ज्याचं मन दुखावलंय त्याच्याकडे जा. "आत्ताच जा," तो म्हणाला, "आम्ही थांबतो."

लोक उठले. भांडलेले दोन शेजारी एकमेकांच्या गळ्यात पडले. एका सासूनं सुनेचे हात धरले. मी सुतार, ते व्यासपीठ माझ्याच हातचं. पाय पडला की त्याची दुसरी पायरी करकरते. वचनावर बोट ठेवून मी त्या आवाजाची वाट पाहत राहिलो. मुलानं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं आणि पान उलटलं.

लेक गुपचूप उठून गेली.

बाहेर एक जण म्हणाला, "काका, पोरगा काय बोलतो हो. दगडाला पाझर फुटेल."

"हो," मी म्हणालो. "बोलतो चांगलं."